सहा कोरडे बुधवार

मित्रांनो, जरा घाईने ऐका. मला एका दिशेला तोंड ठेवून फार वेळ बोलता येत नाही.

मी एक जुना लोखंडी कोंबडा आहे. तुमच्या पुस्तकात मला वातकुक्कुट म्हणतात. नाव इतके भारदस्त, की ऐकणाऱ्याला वाटावे कोणी मोठे साहेब येत आहेत. प्रत्यक्षात मी दीड हात लांबीचा पत्रा आहे. डोळा एकच, पण आरपार, म्हणून दोन्हीकडून दिसतो. आयुष्यात एकदाही आरवलो नाही. बाणावर बसून वारा कुठून येतो ते दाखवायचे, एवढेच माझे काम.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान आहे, ती आधीच सांगून टाकतो. माणसे वारा पाहून पाठ फिरवतात. मी वारा पाहून तोंड फिरवतो. तो जिकडून येईल तिकडे माझी चोच. लोहाराने मला घडवलेच तसे. चोचीत शिसे ओतून ती जड केली आणि शेपूट चांगली रुंद ठेवली. माझे पोट एका गळक्या टाकीचे आणि शेपूट मोडक्या दाराची आहे, पण बोटावर तोलून धरले तेव्हा मी तसूभरही कलंडलो नाही. मला न्यायला आलेल्या हवामान केंद्रावरच्या माणसाला लोहार म्हणाला, "दर आठवड्याला सांध्यात दोन थेंब तेल घाला. विसरलात तर हा कोंबडा राहणार नाही, नुसतं चित्र होईल."

थांबा, आला बघा एक झोत... हां, गेला. तर काय सांगत होतो?

माझी नेमणूक एका मोठ्या तलावाच्या काठी झाली. दोन खोल्यांचे हवामान केंद्र, पुढे अंगण, मागे टेकडी आणि दाट झाडी. अंगणात बावीस पायऱ्यांचा लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाला मी. टेकडीच्या आडोशामुळे अंगणात पानही हलत नसे. म्हणून तर मला इतके उंच बसवले होते.

त्या तलावावर दोन वारे होते. लव्हाळ्यांच्या बाजूने येणारा वारा गरीब. पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडायचा, पाणकोंबड्यांची पिल्ले झुलवायचा आणि जायचा. दुसरा होता खिंडीतला. समोरच्या दोन डोंगरांमधून तो आधी चोरपावलांनी यायचा. त्याची झुळूक फक्त मला, तीही उंचावर, लागायची. मग तासाभरात तो तलावाच्या मधोमध असा कोसळायचा, की तिथे असलेली नाव परत काठ बघेल याची खात्री नाही. म्हणून नियम ठरला होता. माझी चोच खिंडीकडे वळली की खांबाच्या दोरीवर लाल फडके चढवायचे. एरवी पांढरे. दोन्ही काठांचे लोक त्या फडक्याकडे बघून आपला दिवस ठरवत.

मला न्यायला आलेला तो माणूस म्हणजे केंद्राचे जुने निरीक्षक. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ते काम त्यांच्या मुलीकडे आले. गावाने तिचे नाव वारेबाई ठेवले. दिवसातून तीन वेळा ती वही घेऊन अंगणात येई, कपाळावर हात धरून माझ्याकडे बघे आणि लिहून घेई. कामाला चोख, बोलायला तिखट. फक्त उंचीची भीती. लहानपणी एकदा चौथ्या पायरीवर जाऊन रडत बसली होती आणि वडिलांनी तिला उतरवले होते. त्यानंतर तिने खांबाला पाय लावला नाही. मला तेल घालायला आता मुख्य कचेरीचा माणूस यायचा, तो वर्षातून दोनदा, त्याला आठवण झाली तर.

त्यामुळे मी कुरकुरू लागलो. आणि ती कुरकुर नावाड्याने ऐकली.

नावाडी रोज पलीकडच्या काठावरून टपाल आणि माणसे आणायचा. उंच, उन्हाने रापलेला, आणि नाक असे धारदार की लोक म्हणत, हा वल्हे विसरला तरी चालेल. टपालाची पिशवी पायरीवर ठेवता ठेवता त्याने एकदा वर पाहिले.

"बाई, तुमचा कोंबडा आजारी आहे."

"मग तुम्ही वैद्य आहात का?" वारेबाईने वहीतून डोके वर न काढता विचारले.

"नाही, पण औषध आहे." त्याने नावेतून लांब चोचीची तेलाची डबी आणली, ती वल्ह्यांच्या कड्यांसाठी असायची. सरसर बावीस पायऱ्या चढून आला आणि माझ्या सांध्यात बरोबर दोन थेंब सोडले. मला काय वाटले ते कसे सांगू! तुम्हाला दिवसभर न खाजवता आलेली पाठ कोणीतरी खाजवून दिली तर जे वाटेल ते. तो बुधवार होता.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला. त्याच्याही पुढच्या बुधवारी. मी कुरकुरत नव्हतो, तरी आला. वडील ओटीवर गुडघे शेकत बसलेले असत. ते म्हणाले, "अरे, एवढं तेल घातलंस तर कोंबडा तळून निघेल माझा."

"वाऱ्याचं काम आहे, बाबा. कोरडं ठेवून चालत नाही."

"हो, ते दिसतंय मला. गुडघे गेलेत, डोळे नाही गेले."

पलीकडच्या काठावर जे उगवलेले असे त्यातले काहीतरी तो दर खेपेस आणायचा. कधी लव्हाळ्याचा तुरा, कधी बगळ्याचे पीस, कधी ओल्या मातीसकट निळ्या फुलांचे एखादे रोप.  वारेबाईच्या वहीत शेऱ्याचा एक रकाना होता, तिथे एरवी 'ढग विरळ' असे काही लिहिलेले असे, त्यात एकदा तिने लिहिले, 'पलीकडे निळी फुले उमलली.' वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "ही काय हवामानाची नोंद आहे?"

"ऋतूची आहे, साहेब," वडील ओटीवरून म्हणाले. साहेबांनी सही केली आणि चहा पिऊन गेले.

प्रेम म्हणजे काय ते मला पत्र्याला काय कळणार? पण उंचावरून दिसते फार. नाव पलीकडून सुटली की ठिपक्याएवढी असायची, तेव्हापासून ही अंगणात काहीतरी निमित्त काढून उभी. तो बोलताना 'तुम्ही' म्हणायचा, त्याचे 'तू' कधी झाले ते मलाही कळले नाही. त्या दिवशी मी नेमका दुसरीकडे तोंड करून असेन. माझे हे असेच आहे. महत्त्वाचे काही घडत असले की वारा माझी मान फिरवतो. लग्न ठरल्यातच जमा होते. मग ते भांडण झाले.

एका सकाळी माझी चोच खिंडीकडे होती आणि फडके लाल होते. दोन प्रवाशांना घाई होती. नावाड्याने नाक वर करून वारा हुंगला आणि म्हणाला, "अजून अवकाश आहे. चला." तो गेला. वारेबाई दीड तास काठावर उभी होती. तो भिजून, हसत परत आला.

"बघ, आलो की नाही?"

"माझं फडकं तुला चिंधी वाटली?"

"तसं नाही गं. पण नाक माझं जन्माचं आहे. फडकं काय, आठवड्याला धुतलं जातं."

तो गंमत करत होता. पण दीड तास काठावर उभे राहिलेल्या माणसाशी गंमत करू नये. तिचा आवाज चढला होता. रागाने म्हणावे तर तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"शपथ घे," ती म्हणाली. "फडकं पांढरं असेल तरच नाव सोडायची. नाक काय म्हणतं ते विचारायचं नाही. कधीच नाही."

त्याचे हसू गेले. "घेतली."

"आणि पुन्हा त्या खांबावर चढायचं नाही. माझ्या कोंबड्याला तुझ्या तेलाची गरज नाही."

हे शेवटचे वाक्य तिला बोलायचे नव्हते, असे मला आजही वाटते. रागाच्या भरात जिभेला हाड नसते.  डबी त्याचीच होती. ओटीवर ठेवलेली ती त्याने उचलली आणि गेला.

मित्रांनो, इथून पुढे मला नीट सांगता येत नाही. वारा नाही, तरी मी हलतोय बघा.

पहिला बुधवार कोरडा गेला. दुसराही. तो रोज येत होता, पण पिशवी पायरीवर ठेवून वळत होता. ती पिशवी उचलत होती, पण तो वळल्यावर. तो बघत नसला की ती बघायची, ती बघत नसली की तो. मी वरून दोघांनाही पाहत होतो आणि तळमळत होतो, की अरे, एकदा तरी एकाच वेळी बघा! तिसऱ्या बुधवारी मी पुन्हा कुरकुरू लागलो.

"अगं, कोंबडा रडतोय," वडील म्हणाले.

"रडू दे."

"त्याला बोलव."

"त्याला यायचं असेल तर येईल. मी कचेरीला लिहिलंय माणूस पाठवा म्हणून."

चौथ्या बुधवारी ती खांबापाशी आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिले आणि पाय काढून घेतला. पाचव्या बुधवारी तीही आली नाही. कचेरीचा माणूस तर नाहीच.

त्यानंतर शांत हवेचे दिवस लागले. आठ-दहा दिवस झुळूक म्हणून नाही. तलाव आरशासारखा, लव्हाळी जागच्या जागी. जन्मात पहिल्यांदा मी स्थिर होतो. आणि एक कुंभारमाशी आली. ती तोंडात ओली माती घेऊन यायची आणि माझ्या सांध्याच्या खोबणीत इवलेसे घर बांधायची. दिवसभर येई, जाई, गुणगुणे. मला आवडले ते, खोटे कशाला बोलू? साऱ्या आयुष्यात कोणी माझ्याजवळ टिकले नव्हते. पाखरे बसायची आणि मी फिरलो की उडायची. ही राहिली. मी श्वास रोखून तिला घर बांधू दिले. माती वाळली, दगडासारखी झाली. माझी कुरकुर थांबली.

सहावा बुधवार असाच गेला. दुसऱ्या दिवशी वारेबाई अंगणात येऊन म्हणाली, "बाबा, ऐकलंत? कुरकुर आपोआप थांबली."

"आपोआप?" वडिलांनी विचारले. पण उत्तराची वाट न पाहता ते पुन्हा गुडघे शेकू लागले.

सातव्या बुधवारी दुपारी माझ्या तुऱ्याला खिंडीतली झुळूक लागली. मी ती ओळखली. शेपटीवर तिचा दाब आला आणि मी वळायला गेलो. वळलो नाही. पुन्हा जोर लावला. माती हलली नाही. माझी चोच लव्हाळ्यांकडेच राहिली, गरीब वाऱ्याकडे. पत्रा वाकेल असे वाटेपर्यंत मी ढकलत होतो, मित्रांनो. तेवढ्यात ती वही घेऊन बाहेर आली. कपाळावर हात धरला. माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही खोटे सांगितले नव्हते. तिने लिहिले, 'लव्हाळ्यांकडून, मंद.' फडके पांढरेच राहिले.

पलीकडच्या काठावरून एक ठिपका सुटला.

तो मधोमध आला तेव्हा वारा कोसळला. अंगणात तेव्हाही पान हलत नव्हते. तिने दूरची लव्हाळी झोपलेली पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि तिला कळले. ती दोरीकडे धावली. लाल फडके वर चढत माझ्या पायाशी आले, तेव्हा पाण्यावर बघण्यासारखे काही उरले नव्हते. मी मात्र नावेकडे पाठही करू शकत नव्हतो आणि तोंडही. माझा तो एक आरपार डोळा लव्हाळ्यांकडे बघत होता.

त्याला दोन दिवसांनी लव्हाळ्यांतूनच आणले. ते मी सांगणार नाही.

नाव सापडली तेव्हा तिच्या फळीखाली दोरीने घट्ट बांधलेली तेलाची डबी होती, काठोकाठ भरलेली. पलीकडच्या टपालकचेरीचे पोस्टमास्तर ती घेऊन आले. ते माझ्या खांबाशी उभे राहून बोलले, म्हणून मला ऐकू आले.

"मी त्याला म्हटलं, आज राहू दे. तुझंच नाक फेंदारलंय. तर म्हणाला, 'नाक नकोच म्हणतंय, मास्तर. पण फडकं पांढरं आहे आणि मी शपथ घेतलीय. तिचं फडकं खोटं बोलत नाही.' ही डबी दाखवली आणि हसला. म्हणाला, 'आज सहा बुधवारांचं तेल एकदम घालतो. रागावली तर रागावली.'"

वारेबाईने डबी घेतली. रडली नाही. पोस्टमास्तर गेले तशी ती खांबाशी आली आणि चढू लागली. चौथ्या पायरीवर थांबली. वडील ओटीवरून धडपडत उठले, "अगं, उतर, पडशील!" ती डोळे मिटून पाचवीवर गेली. प्रत्येक पायरीवर खांब तिच्या थरथरीने हलत होता. बावीस पायऱ्या. वर आली, डोळे उघडले आणि तिला मातीचे ते घर दिसले.

तिने नखाने ते फोडले. आत एक पांढरी अळी होती. तिने ती अळी तळहातावर घेतली आणि तिथे, तेवढ्या उंचावर, एका हाताने मला धरून ती हमसून हमसून रडली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मग तिने दोन थेंब सोडले. मी इतक्या जोरात फिरलो की माझी चोच तिच्या मनगटाला लागली. तो वण अजून आहे.

वडील म्हणायचे, चूक माझी, मी पुन्हा विचारायला हवे होते. ती म्हणायची, माझी. मी म्हणायचो, माझी, पण ते कोणाला ऐकू जाणार? त्या घरात चूक वाटून घ्यायला आम्ही तिघे होतो, तरी ती कमी झाली नाही.

नंतरची चाळीस वर्षे मी थोडक्यात सांगतो. वडील गेले. तिने लग्न केले नाही. एकही बुधवार चुकला नाही. ताप असो, पाहुणे असोत, ती चढायची. फडके लावण्याआधी मला हाताने एकदा फिरवून बघायची. त्या चाळीस वर्षांत तलावाने एकही नाव घेतली नाही. लोक माझे कौतुक करत. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता, शेजारी ती होती, पण तिने तोंड तलावाकडे केले होते.

मग यंत्र आले. तीन वाट्या गरागरा फिरतात आणि आत पडद्यावर आकडे उमटतात. यंत्र हुशार आहे, माझे त्याच्याशी वैर नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थोडेच राहते? मला खाली उतरवून फाटकाजवळच्या कमरेएवढ्या खुंटावर बसवले. इथून तलाव दिसत नाही, फक्त लाँचचा भोंगा ऐकू येतो. शाळेची मुले येतात, मला बोटाने गरगर फिरवतात. फिरवा हो, मला राग नाही.

वारेबाई निवृत्त झाली तरी बुधवारी यायची. फाटकापलीकडच्या गल्लीत राहते. केस पांढरे, हातात काठी. डबी फाटकाच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते, तीच डबी. नवी निरीक्षक मुलगी एकदा तिला म्हणाली, "आजी, आता कोणी बघत नाही त्याच्याकडे. कशाला त्रास घेता?"

"कोणी बघत नाही म्हणूनच गं," ती म्हणाली आणि दोन थेंब सोडले.

मित्रांनो, गेले दोन बुधवार ती आलेली नाही. का, ते मला कोणी सांगत नाही. मी पुन्हा कुरकुरू लागलो आहे. आणि कालपासून एक कुंभारमाशी माझ्याभोवती घिरट्या घालते आहे, तोंडात ओली माती घेऊन. सांधा जड झाला आहे, पण मी तिला बसू देत नाही. ती आली की असेल नसेल तेवढ्या वाऱ्याने हलतो. वारा नसला तर फाटक आपटते त्या धक्क्याने हलतो. या वेळी मला स्वस्थ बसायचे नाही.

म्हणून तुम्हाला एवढेच विनवतो. भांडा, रुसा, अबोला धरा, तो माणसांचा हक्क आहे. पण ज्याच्या सांध्यात आपण तेल घालतो, त्याचा बुधवार चुकवू नका. कुरकुर ऐकू आली तर जा. आणि थांबली, तर आधी धावत जा.

उद्या बुधवार आहे. डबी फाटकाच्या आतल्या खिळ्याला आहे. आधी फाटकापलीकडच्या गल्लीत जाऊन तिची चौकशी करा, मग माझ्याकडे या.